सांधेदुखीवरची नैसर्गिक पूरकं: हळद, शल्लकी, मासळीचं तेल आणि 'वाताची पुडी'

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६१, वजन ७४ किलो. दोन्ही गुडघे तीन-चार वर्षांपासून दुखतात, एक्स-रेमध्ये झीज दिसली आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि हृदयात स्टेंट असल्याने अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं. पेनकिलर नको म्हणून घरात हळदीच्या कॅप्सूल, शल्लकी, ग्लुकोसामाईन आणि फिश ऑइल अशा चार गोष्टी एकदम आणल्या आहेत. शिवाय ओळखीच्या कुणीतरी आणून दिलेली 'वाताची पुडी' दोन महिन्यांपासून सकाळ-संध्याकाळ सुरू आहे. तिने तिसऱ्या दिवशीच आराम पडला, साखर मात्र वाढली. यातलं काय ठेवावं आणि किती घ्यावं?

उत्तर पुडीपासूनच सुरू करायला हवं. बाकीच्या चार गोष्टी चुकल्या तर बहुधा पैसे वाया जातील; पुडी चुकली तर जिवावर बेतू शकतं.

कोणतीही वनस्पती झिजलेल्या गुडघ्याला तीन दिवसांत मोकळं करत नाही. हळद, शल्लकी, गुग्गुळ, मासळीचं तेल यांचा जो काही गुण यायचा तो दोन ते बारा आठवड्यांत, हळूहळू आणि अर्धामुर्धा येतो. तीन दिवसांत जिना चढता यायला लागला, भूक सपाटून लागते, चेहरा गोल आणि तुकतुकीत दिसतो, पावलांवर सूज आहे आणि साखर वर चढली आहे, अशी लक्षणं एकत्र दिसली की पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून घातलं आहे असंच धरून चालावं. ही स्टिरॉइडं कवडीमोलाने मिळतात आणि चूर्णात मिसळली की डोळ्यांना दिसत नाहीत. जोडीला बऱ्याचदा डायक्लोफिनॅकही असतं. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या पूरकाबद्दल लोकांना इशारा दिला, कारण त्यात डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन सापडलं होतं आणि लेबलवर दोन्हींचा पत्ता नव्हता.

हे वाचून पुडी आजच्या आज कचऱ्यात टाकू नका. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल तर हे गृहीतच धरायचं. अशा वेळी पुडी एकदम बंद केली तर गळून गेल्यासारखं होणं, उलट्या, रक्तदाब खाली येणं, साखर अचानक उतरणं असं काहीही होऊ शकतं. एक-दोन दिवसांत फिजिशियनला गाठा. उरलेल्या पुड्या बरोबर न्या. सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची पुडी घेण्याआधी, कॉर्टिसॉलची रक्ततपासणी होते. तिच्यावरून आणि आईंच्या तब्येतीवरून डॉक्टर मोजून-मापून प्रेडनिसोलोन सुरू करतात आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. दरम्यान कुणी मधुमेहाची औषधं वाढवली असतील तर स्टिरॉइड उतरेल तशी तीही उतरवावी लागतात. ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि मग साखर ६० वर येऊन पेशंट घामाघूम होतो. दुसरं म्हणजे, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला न सांगता डायक्लोफिनॅक जात असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मोठा आहे. डांबरासारखी काळी शौच झाली तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालय. दोन पुड्या न फोडता बाजूला ठेवा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार करायची असेल तर त्यांची गरज पडेल.

आता पूरकांकडे वळण्याआधी दुखणं कोणतं ते पक्कं करू. 'संधिवात' या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार खपतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. झिजेच्या संधिवातात सकाळी उठल्यावरचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो, दुखणं वापराने वाढतं आणि बसल्यावर उतरतं. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. हाताच्या बोटांची मधली पेरं, बोटांच्या बुडातले सांधे आणि मनगटं दोन्ही बाजूंना सुजतात, कणकण राहते. वातरक्तात, म्हणजे गाऊटमध्ये, बहुधा रात्रीतून एकच सांधा पेटतो, बऱ्याचदा पायाच्या अंगठ्याचा, आणि पांघरूणाचा स्पर्शही सहन होत नाही. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिडचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. आपल्याकडे चौथा प्रकारही धरावा लागतो: चिकुनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्महिने रेंगाळणारी सांधेदुखी. ती हुबेहूब आमवातासारखी दिसते.

आईंचं वर्णन झिजेशी जुळतं, त्यामुळे पुढचं बरंचसं झिजेला धरून आहे. आमवात असता तर सल्ला सरळ उलटा झाला असता. त्यात सांध्यांची हाडं पहिल्या दोन वर्षांतच कुरतडली जायला लागतात, आणि ते थांबवण्याची ताकद मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांत आहे, कोणत्याही कॅप्सूलमध्ये नाही. "आधी सहा महिने नैसर्गिक करून बघू" हा विचार आमवातात बोटं कायमची वाकडी करतो.

हळद. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिनचं प्रमाण साधारण ३ टक्के असतं. एक चमचा हळद म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन. गुडघ्यावरच्या चाचण्यांत दिवसाला १००० ते १५०० मिलिग्रॅम अर्क दिला गेला. तिथवर हळददुधाने पोचायचं तर दिवसाला निदान अकरा-बारा चमचे हळद लागेल. तेव्हा रात्रीचं हळददूध आवडत असेल तर जरूर प्यावं, पण ते 'डोस' नाही. इतकी हळद खायची कुणाला हौस असलीच तर आणखी एक अडचण आहे: हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना ते महागात पडतं.

कर्क्युमिनची दुसरी अडचण म्हणजे ते आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिला तर शोषण वीस पटींनी वाढतं. तेव्हापासून जवळपास प्रत्येक कंपनी कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालते. जाहिरातीत न येणारी बाजू अशी की पिपेरिन हे शोषण वाढवतं ते यकृताची औषधं निकामी करण्याची यंत्रणा मंदावून. त्यामुळे फक्त कर्क्युमिनच नव्हे, तर फेनिटोइन, प्रोप्रॅनोलोल, थिओफायलिन अशी औषधंही रक्तात जास्त साचतात. फिट्सच्या, हृदयाच्या किंवा दम्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने 'प्लस पिपेरिन' लिहिलेली बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

गुण येतो का? येतो, बेताचा. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. दिवसाला १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क हा दिवसाला १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड उतरला आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. नेहमीचं प्रमाण ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, गरज वाटल्यास तीनदा, आणि तीही जेवणात तेल-तूप असताना, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. लेबलवर '९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स' असं लिहिलेलं हवं. नुसतं 'हळद चूर्ण ५०० मिग्रॅ' लिहिलं असेल तर ती तुमच्या मिसळणाच्या डब्यातलीच हळद आहे, दहापट भावाने.

धोके नेमके सांगतो. पित्ताशयात खडे असतील तर नको, कर्क्युमिन पित्ताशय आवळतं. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचं शोषण आणखी घटतं, निदान लोहाची गोळी आणि ही कॅप्सूल एका वेळी नको. आणि यकृत: इटलीत २०१९ च्या सुमारास हळदीच्या पूरकांनंतर तीव्र हिपॅटायटिस झाल्याच्या नोंदी आल्या, नंतर अमेरिकेतही. तिथल्या बहुतेक रुग्णांत एक ठरावीक आनुवंशिक खूण सापडली, म्हणजे हे प्रत्येकाला होत नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही. सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सहा-आठ आठवड्यांनी एकदा एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करणं हा साधा उपाय. लघवी चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद.

आईंच्या बाबतीत स्टेंट आणि दोन रक्त पातळ करणारी औषधं आहेत. हळदीच्या कॅप्सूल त्यांना नकोत. भाजी-आमटीतली हळद नेहमीसारखी चालू द्या. ती आणताना शक्य तर हळकुंडं आणून दळून घ्या. सांगलीची राजापुरी किंवा विदर्भातली वायगाव, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि अख्खी हळकुंडं सहज मिळतात. रंग उठून दिसावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, लावण्याचे प्रकार बांगलादेशात नीट अभ्यासले गेले आहेत. बोटाला झळझळीत रंग सोडणारी, वरून घासून चकचकीत केलेली हळकुंडं टाळावीत.

शल्लकी. ही आपल्या सालईची डिंकवजा राळ. सातपुडा आणि विदर्भाच्या कोरड्या डोंगरांवर हे झाड भरपूर आहे, राळ धुपासाठी जळते. तिच्यातली बोस्वेलिक आम्लं दाह निर्माण करणारं एक विशिष्ट विकर (एन्झाइम), ५-लायपॉक्सिजनेज, रोखतात. साध्या पेनकिलरचं काम करण्याचं ठिकाण वेगळं, म्हणून जठराला त्रास कमी. नागपूरमध्ये झालेली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी लहान होती, गुडघेझिजेचे ३० रुग्ण, पण काटेकोर होती: आठ आठवडे ३३३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग तीन आठवडे खंड आणि मग औषध व बनावट (औषध नसलेली) गोळी यांची अदलाबदल. दुखणं आणि सूज कमी झाली, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. नंतरच्या इतर चाचण्यांचा सूरही साधारण हाच आहे.

झिजेच्या गुडघ्यासाठी पहिलं कोणतं पूरक, असं विचारलं तर मी शल्लकी सांगेन. ३०० ते ४०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क (लेबलवर बोस्वेलिक आम्लं ४० ते ६५ टक्के) दिवसातून तीनदा, किंवा 'एकेबीए' (बोस्वेलिक आम्लांतलं सगळ्यात प्रभावी मानलं जाणारं एक) ३० टक्क्यांपर्यंत वाढवलेला अर्क दिवसाला १०० ते २५० मिलिग्रॅम. दोन्ही प्रकारांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून बघू नयेत, दुकानदारही इथे गोंधळतात. उपाशीपोटी घेतली तर शोषण फारच कमी होतं. स्निग्ध जेवणाबरोबरच घ्यायची. छातीत जळजळ आणि पातळ शौच हे नेहमीचे त्रास. कच्ची राळ आणून चघळणं किंवा दुधात उकळणं व्यर्थ आहे, प्रमाण कळत नाही आणि पोट बिघडतं. वॉर्फरिन चालू असणाऱ्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, करून घ्यावी. क्लोपिडोग्रेलवर असलेल्या आईंसाठी सुरू करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

गुग्गुळाचं बघताना नावाकडे नीट लक्ष द्या. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही चार वेगळी औषधं आहेत. सिंहनादात एरंडेल असतं, म्हणून ते पोट साफ करतं. आमवातात वैद्य ते याच गुणासाठी देतात आणि जुलाब होत असणाऱ्याला देत नाहीत. महायोगराजात नागभस्म म्हणजे शिसं, वंगभस्म म्हणजे कथील, आणि पारा-गंधकापासून केलेला रससिंदूर असतो. 'महा' म्हणजे जास्त जोरदार असं समजून लोक दुकानातून तेच उचलतात आणि वर्षभर खातात. पोटात मुरडा, न हटणारी बद्धकोष्ठता, रक्त कमी होणं ही शिसं साचल्याची लक्षणं आहेत. मूत्रपिंड आधीच मधुमेहाने दुबळं असेल तर हे औषध स्वतःच्या मनाने अजिबात नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी साधा गुग्गुळही सांगून घ्यावा, तो थायरॉइडवर काम करतो.

फिश ऑइलमध्ये सगळ्यात मोठी फसगत आकड्यांची आहे. बाटलीवर ठळक '१००० मिग्रॅ' असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० लिहिलेलं असतं. ही दोन ओमेगा-३ स्निग्धाम्लं हाच कामाचा भाग, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. आमवातावरच्या ज्या चाचण्यांत सांध्यांचा आखडलेपणा आणि पेनकिलरची गरज कमी झाली, त्यांत ईपीए-डीएचए मिळून दिवसाला सुमारे ३ ग्रॅम दिले गेले, तेही निदान तीन महिने. म्हणजे साध्या कॅप्सूल दहा! एक कॅप्सूल रोज घेऊन आमवातात काही घडत नाही. इतकं घ्यायचंच असेल तर तीव्र केलेलं (कॉन्सन्ट्रेटेड) तेल घ्यावं, कॅप्सूलला ६०० मिलिग्रॅमच्या वर ईपीए-डीएचए असलेलं. एक कॅप्सूल कापून वास घ्या: मासळीचा चालेल, जुन्या खवट तेलाचा नाही. कॉड लिव्हर ऑइलने ही भरपाई करू जाऊ नये. ३ ग्रॅमपर्यंत पोचेपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचा विषारी डोस पोटात जातो. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही वाढतो. झिजेच्या गुडघ्यासाठी हे सगळं करावं इतका पुरावा नाही, आणि आईंना तर नकोच.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा किंवा तारली खावी, तळण्यापेक्षा तिखल्यात. पण गाऊट असेल तर हेच मासे, सुकट आणि जवळा युरिक अ‍ॅसिड वाढवतात, हे विसरू नका. तूरडाळ आणि पालक मात्र गाऊटवाल्यांना उगाचच बंद केले जातात. प्युरिन म्हणजे ज्यापासून युरिक आम्ल बनतं तो घटक; वनस्पतीतल्या प्युरिनचा झटक्यांशी संबंध मांस-मासळीच्या तुलनेत फारच कमी दिसला आहे. शाकाहारी घरात जवसाची चटणी असते. जवसात एएलए हे वनस्पतीजन्य ओमेगा-३ असतं आणि शरीर त्याचा फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलतं, त्यामुळे चटणी चविष्ट आणि हितकारक, पण ३ ग्रॅमची जागा ती घेत नाही. शाकाहारींसाठी शेवाळाचं तेल हा खरा पर्याय, महाग आहे एवढंच.

ग्लुकोसामाईन परत करता आलं तर करा. अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, ग्लुकोसामाईन आणि कॉन्ड्रॉइटिन एकूणात बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत. तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलं. "गुडघ्यातलं वंगण भरून निघतं" हे विक्रेत्याचं वाक्य आहे. घेऊन बरं वाटतंय अशी माणसं भेटतात. त्यांच्याशी वाद घालायचं कारण नाही, १५०० मिलिग्रॅम सल्फेट प्रकार तीन महिने घेऊन बघावं आणि फरक नसेल तर सोडावं. शाकाहारी घरांनी एवढं जाणून घ्यावं की ग्लुकोसामाईन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेतून आणि ४० मिलिग्रॅमचं 'टाइप टू कोलॅजन' कोंबडीच्या कूर्चेतून. कवचाच्या माशांची अ‍ॅलर्जी असेल तर लेबल दोनदा वाचा.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, हाडांना आणि स्नायूंना ते हवंच. पण त्याने झिजेचं दुखणं थांबत नाही. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक. हे पाकीट वर्षभर दर आठवड्याला, किंवा चुकून रोज घेणारी माणसं आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान आणि उलट्या लागतात, मूत्रपिंड बिघडतं.

सुंठीचा गुण खरा पण लहान. अर्धा ते एक ग्रॅम, आम्लपित्त नसेल तर. गुळवेल आणि अश्वगंधा यांच्याबाबत सावध राहायला सांगेन, विशेषतः आमवातात. तिथे रोगप्रतिकारशक्तीच अंगावर उलटलेली असते आणि औषधं तिला आवरत असतात. 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा त्याच्या उलट दिशेने ओढतो. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतल्या यकृताच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. पण दारातल्या वेलीची ओळख पटवण्याची जबाबदारी शेवटी घेणाऱ्यावरच येते. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृतावर आधीच भार असतो, तिथे गुळवेल, अश्वगंधा आणि हळदीचा अर्क तिन्ही टाळावेत. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.)

बाहेरून लावायच्या गोष्टींकडे लोक दुय्यम म्हणून बघतात, पण आईंसारख्या रुग्णात त्याच जास्त उपयोगी. झिजेच्या गुडघ्याला कोमट महानारायण तेल किंवा सहचर तेल दहा मिनिटं हलक्या हाताने, मग निर्गुडीच्या पाल्याच्या वाफेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा मिनिटं. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, म्हणून पिशवीची उष्णता आधी दुसऱ्याने हातावर तपासावी. भाजून फोड आलेला कळतही नाही. आमवातात सांधा लाल आणि सुजलेला असताना तेल लावत नाहीत. आयुर्वेदातही तिथे वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. गाऊटच्या पेटलेल्या सांध्याला शेक नको, बर्फ द्यावा. विषगर्भ तेलात धोत्रा आणि बचनाग असतो: जखमेवर नाही, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. आणि बिब्ब्याचा चटका कुणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी सोलवटते, फोड येतात, आणि मधुमेहात ती जखम चिघळते.

डायक्लोफिनॅकचं जेल नैसर्गिक नाही, तरी इथे सांगायलाच हवं, कारण गोळीच्या तुलनेत त्याचा फारच थोडा भाग रक्तात जातो. ते "लागू पडत नाही" याचं कारण बहुधा प्रमाण असतं. १ टक्क्याच्या जेलची मात्रा एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा अशी आहे, आणि लोक हरभऱ्याएवढं लावतात. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून दोन-तीन आठवडे पुरेशा प्रमाणात वापरून बघावं.

डिंकाच्या लाडवांनी सांधे 'चिकटून' येत नाहीत. एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि ७४ किलोच्या गुडघ्याला त्या परवडत नाहीत: वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. चार-पाच किलो उतरवले आणि मांडीचा स्नायू बळकट केला तर वर सांगितलेल्या कोणत्याही कॅप्सूलपेक्षा जास्त फरक पडतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा सेकंद ताठ धरायचा, सावकाश खाली. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून तीनदा.

आईंसाठी क्रम असा लावेन. पहिल्या आठवड्यात फिजिशियन, पुडीचा निकाल, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि एसजीपीटी. स्टिरॉइड उतरत असताना दुखणं काही काळ आधीपेक्षाही वाढतं, ते अपेक्षित आहे. तेवढ्या काळात जेल, शेक आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉल. या दिवसांत नवं पूरक सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. स्टिरॉइड सुटून तब्येत स्थिरावली की हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घेऊन एकटी शल्लकी, आठ आठवडे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज तीन आकडे टिपा: दुखणं दहापैकी किती, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं, आणि जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता. आठ आठवड्यांनी दुखण्याचा आकडा निदान दोनने उतरला नसेल तर बाटली पुन्हा आणायची नाही. उतरला असेल तर तीन महिन्यांनी पंधरा दिवस थांबवून बघा, गरज उरली आहे का ते कळेल.

खरेदी करताना आयुर्वेदिक औषधावर आयुष परवाना क्रमांक आणि आहारपूरकावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो. 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिग्रॅ' असं लिहून आत दहा वनस्पतींची नावं दिली असतील आणि कशाचं किती हे नसेल तर घेऊ नका. पुढेमागे गुडघा बदलायची किंवा दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना प्रत्येक कॅप्सूल दाखवा. हळदीचा अर्क, मासळीचं तेल आणि सुंठीच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी बंद करतात. क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, स्टेंट बंद पडू शकतो. ते कधी थांबवायचं हे फक्त हृदयरोगतज्ज्ञ सांगतील.